पिठाचा जोतीराम

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लीलाबाई सगळ्यांच्या शेवटी जायची. वेळ नसायचा असं नाही. तिची गिरणी दुपारी बंदच असायची. पण कुंकू लावत लावत घरची बाई तिच्यापाशी आली, की त्या बाईचं बोट कपाळाच्या वीतभर अलीकडंच थांबायचं. लावावं, तर हिचा नवरा आहे का नाही ते कुणाला ठाऊक? न लावावं, तर गळ्यात मंगळसूत्र धडधडीत दिसतंय. त्या अधांतरी बोटाकडं लीलाबाई जरा वेळ बघायची आणि मग आपणच कपाळ पुढं करायची. बोट टेकायचं, हातावर तिळगूळ पडायचा. मग सगळ्या बायका एकदम पावसापाण्याचं बोलायला लागायच्या.

वाडी विट्याजवळची. इथले पुरुष गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेले. सोनारांकडचं मोडीचं सोनं मुशीत वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं. लीलाबाईचा नवरा जोतीराम मदुराईला होता. लग्नानंतर काही वर्षं तीही तिकडं राहिली. दुकानाच्या वरच खोली, जिन्यात कायम तेजाबाचा वास. जोतीराम कमी बोलायचा. ऐरण ठेवायचा चिंचेचा एक जाड ठोकळा होता. जेवायच्या वेळी ऐरण खाली उतरवून तो त्या ठोकळ्यावरच ताट घेऊन बसायचा. पाट दिला तरी नको म्हणायचा. लीलाबाई त्याला हसायची, म्हणायची, तुमी त्या लाकडाशीच लगीन करायचं हुतं.

बाळंतपणाला ती गावी आली. पोरगी झाली, अंकिता. पोरगी रांगायला लागली तेव्हाची गोष्ट: जोतीराम दुकानातून चहाला म्हणून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. भांडण नाही, आजार नाही, सोन्याला हात लावलेला नाही. चपला दाराशी तशाच. धाकटा दीर हिंदुराव जाऊन महिना-महिना राहून शोधून आला. पोलीस झाले, देवऋषी झाले. कुणी म्हणालं साधू झाला, कुणी म्हणालं तिकडंच दुसरा संसार थाटला, कुणी म्हणालं समुद्रात गेला. तोंडाला हाडूक नसतं, गावच्या तोंडाला तर मुळीच नसतं. पुढं दुकान बंद झालं तेव्हा भागीदारानं जोतीरामचं सामान पोचतं केलं: एक वळकटी, एक पितळी तांब्या आणि तो ठोकळा.

ठोकळा लीलाबाईनं परसात, मोरीशेजारी ठेवला. घरासमोरच्या पडवीत पिठाची गिरणी घातली. स्वतः पट्टा चढवायला शिकली, दगडांना टाकी लावायला शिकली, आणि त्या पिठावर पोरगी वाढवली. बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. वटपौर्णिमेला बाकीच्या बायका घरी गेल्या की उन्हाची वडाला जायची आणि एकटीच फेरे घालून यायची. पितृपंधरवड्यात मात्र जोतीरामच्या नावानं तिनं कधी घास ठेवला नाही. हिंदुरावनं एकदा विषय काढला, तर म्हणाली, जित्या माणसाचा घास कावळ्याला घालू व्हय? त्यानं पुन्हा काढला नाही.

मग वाडीला कालव्याचं पाणी आलं. जिथं कुसळं उगवत नव्हती तिथं ऊस उभा राहिला, थेट लीलाबाईच्या परसाच्या कुडाला टेकला. परसातली कोरडी जमीन वर्षभर ओली राहायला लागली. भिंतींना ओल, सरपणाला ओल. ठोकळ्यावर बोट दाबलं तर पाणी सुटायचं.

गेल्या वर्षी आषाढ सरता सरता एका सकाळी त्या ठोकळ्यावर पिवळं काहीतरी दिसलं. कुत्रं ओकलं असणार, दुसरं काय! लीलाबाईनं खुरप्यानं खरवडलं, वर बादलीभर पाणी ओतलं आणि दळणाला लागली. दुसऱ्या दिवशी ते परत हजर. नुसतं हजर नाही, ठोकळ्यावरून उतरून खाली फरशीवर आलेलं. हाताच्या शिरा दिसतात तशा त्याच्या पिवळ्या शिरा, पुढं जाऊन फुटलेल्या, टोकाला पंजासारख्या पसरलेल्या. तिनं पुन्हा खरवडलं. तिसऱ्या दिवशी ते आणखी पुढं. आणि पुढं म्हणजे कुठं, तर घराच्या मागच्या दाराकडं.

शेजारच्या हरणाबाईनं बघितलं आणि जागीच पदर डोक्यावरून ओढला. बिरोबाचा भंडारा हाय ह्यो, म्हणाली, देव कायतरी मागतोय. दुसरी एक म्हणाली, भंडारा कसला, करणी हाय. लिंबू कापून आडवं टाका. लीलाबाईचा दोन्हीवर विश्वास नव्हता; पण भीती काय विश्वास विचारून येत नाही. तिनं लिंबू कापून टाकलं. सकाळी बघते तर त्या पिवळ्यानं लिंबाला वळसा घातला होता. एक शीर इकडून गेली, एक तिकडून, पलीकडं दोन्ही पुन्हा एक झाल्या आणि वाट तीच, दाराची. लीलाबाई वाकून जवळून बघायला लागली. मुशीत सोनं फिरायला लागलं की जो रंग येतो, तो रंग तिनं मदुराईत रोज बघितला होता. हा तोच रंग होता.

त्या शनिवारी अंकिता आली. पोरगी कऱ्हाडला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती, सुट्टीला घरी यायची. तिनं ते बघितलं आणि आनंदानं उडालीच. पुस्तकात बघितलेलं आपल्याच परसात निघालं म्हणून ती त्याच्याभोवती पालथी पडून फोटो काढत होती आणि आई दारात उभी राहून तिच्याकडं बघत होती.

"आई, ही बुरशी न्हवं, झाड न्हवं, आन जनावर बी न्हवं," अंकिता म्हणाली.

"मग कोण?" लीलाबाईनं विचारलं.

काय असं नाही विचारलं, कोण असं विचारलं. अंकिताच्या ते ध्यानात आलं नाही. तिला शिकलेलं सांगायची घाई झाली होती.

ज्वारी निवडता निवडता लीलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. हे एवढं हातभर पसरलेलं दिसतंय, ती सगळी मिळून एकच पेशी. तळ्यातला अमीबा, पॅरामिशियम हे एकपेशी जीव डोळ्यांना दिसत नाहीत. हाही तसाच एकपेशी, फक्त मधे भिंती न घालता वाढत सुटलेला. आधीच्या शास्त्रज्ञांकडं घरं दोनच होती, एक वनस्पतींचं, एक प्राण्यांचं. जो जीव सापडेल तो या नाहीतर त्या घरात कोंबायचा. पण युग्लीना नावाचा एक निघाला. उजेडात असला की पानासारखं स्वतःचं अन्न करतो, अंधारात ठेवला की बाहेरचं खातो. झाडवाले म्हणाले आमचा, प्राणीवाले म्हणाले आमचा. मग असल्या कुठंच न बसणाऱ्यांसाठी तिसरं घर काढलं, त्याला प्रोटिस्टा नाव दिलं आणि सगळे उरलेसुरले त्यात ढकलले. आता रक्ताची तपासणी करावी तशी डीएनएची तपासणी करतात, तर कळलं की त्या घरातल्यांचंही एकमेकांशी नातं नाही. हा पिवळा आधी बुरशीत धरला होता, तो निघाला अमीबाच्या भावकीतला. स्लाइम मोल्ड या त्याच्या नावात मात्र मोल्ड म्हणजे बुरशी अजून तशीच आहे. सातबाऱ्यावर मेलेल्याचं नाव राहतं ना, तसं. एवढं बोलून अंकितानं जीभ चावली.

लीलाबाई हसली. म्हणाली, गावातल्या बायकांना सांग बाई, माझी बी भावकी घावली म्हणावं.

मग अंकितानं तिला मोबाइलवर दाखवलं. भिंगातून काढलेलं होतं. शिरेच्या आत दाणेदार पिवळं पाणी वाहत होतं, भरभर पुढं. मग मंद झालं. थांबलं. आणि मागं फिरून तेवढ्याच जोरानं उलटं वाहायला लागलं. पुन्हा थांबलं, पुन्हा पुढं. लीलाबाईनं मोबाइल हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवलाच नाही. तिचा स्वतःचा श्वास त्याच्या तालावर पडायला लागला होता. अंकिता सांगत होती की याला तोंड नाही, डोळे नाहीत, मेंदू नाही. तरी खाणं कुठं आहे ते हुडकतं. तुझ्या गिरणीचं पीठ उडून दारापर्यंत बसलंय, त्या वासानं ते दाराकडं येतंय, बाकी काही नाही. आणि गंमत म्हणजे आपण कुठून आलो ते त्याला कळतं, त्या वाटेनं ते सहसा परत जात नाही.

"परत येत न्हाई?" लीलाबाईनं विचारलं.

खायला घातलं की येतं, अंकिता म्हणाली. शिवाय तुकडा तोडला तरी तो तुकडा म्हणजे पुरं तेच असतं, आणि दोन तुकडे जवळ ठेवले तर पुन्हा एक होतात. पोरीनं सगळं खरं सांगितलं, एक अक्षर खोटं नाही. पण खरं सांगायलाही वेळकाळ असतो, आणि कुणाला सांगतोय ते बघावं लागतं.

अंकिता गेली आणि लीलाबाईनं खायला घालायला सुरुवात केली. आधी चिमूटभर पीठ, मग पोहे. ठोकळ्याच्या पुढ्यात, जिथं जोतीरामचं ताट असायचं तिथं. सकाळी पोह्यांवर पिवळी जाळी चढलेली असायची. तिनं खरवडणं बंद केलं, मागच्या दाराला केरसुणी लावायची बंद केली. दळणाला आलेल्या बायकांना आतून तिचं बोलणं ऐकू यायचं. काय बोलायची? रोजचंच. वीज गेली, अमक्यानं दळण जाड सांगितलं आणि मागनं भांडला, अंकीला ताप आलेला. हरणाबाईनं एकदा कुडावरून बघितलं. लीलाबाई जमिनीवर बसली होती, समोर पोह्यांची बशी होती, आणि बशीच्या कडेवरून पिवळा पंजा आत उतरत होता. हरणाबाई त्या दिवसापासून दळण विट्याला पाठवायला लागली.

दसऱ्यानंतर ऊन तापलं, कालव्याची पाळीही लांबली. पिवळं सुकत गेलं. ठोकळ्यावर नुसती नारिंगी खपली राहिली, जखमेवर धरते तशी. लीलाबाईनं जेवण टाकलं. अंकिताला फोन केला आणि म्हणाली, गेलं गं. पोरगी प्रयोगशाळेत होती, घाईत होती. म्हणाली, "गेलं न्हाई आई, झोपलंय. वर्षानं जरी पाणी मिळालं तरी उठतंय." फोन ठेवला आणि कामाला लागली. असलं बोलून माणसं मोकळी होतात!

त्याच सुमाराला अंकिताचं लग्न ठरलं. मुलगा वीरधवल, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर. पोरांचं आधीच एकमेकांवर मन होतं. मुलाचे वडील फौजेतले निवृत्त सुभेदार, सरळ माणूस. हुंडा नको, मानपान नको, म्हणाले. घोडं अडलं ते पत्रिकेवर. अंकिता ही कुणाची कन्या, श्री. जोतीराम यांची की कै. जोतीराम यांची? श्री. छापलं तर बाप लग्नात कुठाय म्हणून पाहुणे विचारणार. कै. छापलं तर ज्याचं प्रेत नाही, दिवस नाहीत, ज्याची बायको कुंकू लावून मांडवात उभी, त्याला मेला कसा म्हणायचं? सुभेदार म्हणाले, आमच्याकडं मिसिंग माणसाचं सुद्धा सात वर्षांनी नाव कमी करतात. तुम्ही काय ते एक ठरवा, दोन्ही आम्हाला चालेल. पण अधांतरी नको. पोरीच्या संसाराला ते बरं नाही.

हिंदुराव ताकाला जाऊन भांडं लपवणारा गडी नव्हता. तो सरळ वहिनीसमोर येऊन बसला आणि म्हणाला, आपण दादाचा पालाशविधी करू. हरवलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, दिवस घालतात. त्याचाही जीव सुटेल, आपलाही. लीलाबाई ऐकून उठली आणि गिरणी चालू केली. दळण कुणाचंच नव्हतं. रिकामे दगड एकमेकांवर घासत राहिले.

अंकिताला हे कळलं तशी ती कऱ्हाडाहून आली. दोन दिवस राहिली. जाताना उंबऱ्यात चपला घालता घालता बोलली.

"आई, तुझ्याजवळ त्यांची आठवण तरी हाय. मला ते बी न्हाई. मला बाप एक काय तरी दे गं. जिता, न्हाईतर मेला."

बावीस-तेवीस वर्षं आपण एकटीच वाट बघतोय असं लीलाबाई धरून चालली होती. दारात उभी असलेली ही दुसरी तिला कधी दिसलीच नव्हती. तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि बरं म्हणाली.

पुतळ्याला काय काय लागतं ते गुरुजींनी सांगितलं होतं. अंगाला पळसाची पानं, डोक्याला नारळ, डोळ्यांना कवड्या, दातांना डाळिंबाचे दाणे, रक्ताला मध आणि मांसाला जवाचं पीठ. जव हिंदुरावनं विट्याहून आणले. गावात गिरणी एकच. नवऱ्याच्या अंगाचं पीठ लीलाबाईनं स्वतः दळलं, बारीक, दोनदा चाळून. ते अजून गरम असताना तिनं त्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

तुळशीच्या लग्नाआधीचा दिवस धरला होता. सकाळी गुरुजी आल्यावर घाई नको म्हणून हिंदुरावनं आणि तिनं आदल्या सकाळीच परसात फळीवर पुतळा घातला. पानांचे हातपाय, त्यावर मधात मळलेल्या पिठाचा थर. उंची तीन-चार वर्षांच्या पोराएवढी. हिंदुरावनं कवड्या बसवल्या आणि घाईनं नजर काढून घेतली. एवढ्यात गुरुजींचा फोन आला की दुसऱ्या गावी अडकलोय, परवावर ढकला. आता आली का पंचाईत! पानं आकसायला लागली, पीठ तडकायला लागलं. इथल्या बायका भाजी टवटवीत ठेवायला जे करतात तेच लीलाबाईनं केलं. ओलं पोतं घातलं वर, फळी सावलीला सरकवली मोरीशेजारी, ठोकळ्याला लावून, आणि येता-जाता त्यावर पाण्याचा हबका मारत राहिली. ठोकळ्यावरची नारिंगी खपली त्या पाण्यानं भिजत होती. तिनं ते बघितलं होतं का? बघितलं असलं तर ती बोलली नाही.

ठरल्या सकाळी गुरुजी आले. सोवळं नेसून झालं, हिंदुरावच्या हातात गोवरीचा विस्तव आला, आणि आदल्या रात्री कऱ्हाडहून आलेल्या अंकितानं जाऊन पोतं उचललं.

पुतळ्याला शिरा फुटल्या होत्या.

छातीपासून निघालेल्या पिवळ्या शिरा दोन्ही हातांत उतरल्या होत्या, बोटांपर्यंत. गळ्यातून वर चढून त्यांनी नारळाला जाळं घातलं होतं. कवड्यांच्या कडांनी बारीक पिवळी पापणी धरली होती. अंग ओलं, चकचकीत. आणि नीट बघितलं तर छातीवरची जाड शीर हलत होती. फुगायची, बसायची. फुगायची, बसायची.

हिंदुरावच्या हातातला विस्तव खाली पडला. गुरुजी दोन पावलं मागं सरले, त्यांच्या ओठांवरचा मंत्र तिथंच राहिला. कुडापलीकडं उभ्या हरणाबाईनं बिरोबाचं नाव घेतलं. अंकिताला सगळं ठाऊक होतं: खपली भिजली, जवाचं पीठ मिळालं, मध मिळाला, अंधार मिळाला, दोन दिवस मिळाले. एका दमात सांगता आलं असतं. पण तिचाही हात तोंडावर गेला होता. तिनं बाप पहिल्यांदा बघितला तो हा असा.

गुरुजींना आधी आवाज फुटला. म्हणाले, चाळीस वर्षं हे करतोय, असं कधी झालं नाही. ज्यात जीव आहे त्याला अग्नी देत नाहीत. हिंदुराव म्हणाला, पाण्यानं धुऊन काढू. कुणीच पुढं झालं नाही. लीलाबाई पुतळ्याजवळ बसली होती. तिनं मान वर करून पोरीकडं बघितलं.

"अंके, खरं सांग. ह्ये जितं हाय?"

एक शब्द खोटा बोलायचा होता. बुरशी हाय आई, फेकून देऊ, एवढं म्हटलं की झालं. पत्रिका छापली जाणार होती, वीरधवल तिकडं वाट बघत होता, हातातोंडाशी आलेला घास होता. अंकिताचे डोळे भरून आले. पण ज्या आईनं तिला पिठाच्या धुरळ्यात खोकत शिकवलं, तिच्याशी शिकलेल्याबद्दलच खोटं बोलणं तिच्यानं झालं नाही.

"व्हय आई. जितं हाय."

लीलाबाईनं मान हलवली. मग वाकून तिनं त्या पिठाच्या गालावरून एक बोट हळूच फिरवलं, बाळाच्या फिरवावं तसं, आणि बोट पदराच्या टोकाला पुसलं. उठली. खाली पडलेली गोवरी पदरानं धरून उचलली, फुंकून फुलवली. आणि शांतपणे गुरुजींना म्हणाली,

"मेल्याला जाळून काय मिळणार हाय, महाराज? तो जिता हाय म्हणूनच मला एवढी वर्सं मोकळं हुता आलं न्हाई. तुमी मंत्र म्हणा. इस्तू मी देती."

ओढ्याकाठी फळी नेली. वाटेत ऊन वर आलं तसं ते पिवळं पानांखाली सरकायला लागलं, अंधार शोधत. सरणावर ठेवलं तेव्हा तोंडावरची जाळी विरळ झाली होती आणि हात तेवढे अजून पिवळे होते. बाईनं अग्नी द्यायचा रिवाज नाही, पण अडवायला कुणाची जीभ रेटली नाही. ओली पानं लवकर पेटेनात. सुंय् सुंय् आवाज येत राहिला. मग वास आला, भाजलेल्या पिठाचा, भाकरी करपल्यासारखा, आणि त्या वासानं हिंदुराव लहान पोरासारखा रडायला लागला. लीलाबाईनं तिथंच बांगड्या वाढवल्या, कपाळ पुसलं, मंगळसूत्र काढून पोरीच्या हातात दिलं. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. दिवस घातले, सुतक सरलं, पत्रिकेवर कै. छापून आलं. मार्गशीर्षात अंकिताचं लग्न झालं. लीलाबाई मांडवाच्या मागच्या बाजूला, भटारखान्यापाशी बसली आणि बुंदी कमी पडत नाही ना ते बघत राहिली. सगळे म्हणाले, बाई मोकळी झाली.

पहिल्या संक्रांतीला अंकिता माहेरी आली. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने. आईचं घर झाडलेलं, मागचं दार धुतलेलं. ठोकळाही परसात नव्हता, लग्नाच्या चुलीत घातला म्हणे. पोरीला बरं वाटलं. दुपारी हळदीकुंकवाला निघताना कुंकू लावायचं राहिलं म्हणून ती देवळीकडं गेली. आईचा चांदीचा करंडा तिथंच होता, पूर्वी असायचा त्याच जागी. विधवेच्या घरात करंडा रिकामाच असणार. पण बुडाला चिमूटभर तरी असेल म्हणून तिनं झाकण उचललं.

झाकण आतून ओलं होतं. थेंब धरले होते. करंड्यात कुंकवाच्या जागी पिवळं होतं, काठोकाठ. मध्ये पोह्यांचे दोन दाणे अर्धे बुडालेले. उजेड लागताच कडेची एक बारीक शीर हळूहळू आत वळायला लागली.

मागं लीलाबाई येऊन उभी होती. पांढऱ्या कपाळाची, अंग धुतलेली, विधीच्या दिवशीच्याच लुगड्यात. पदराच्या टोकाला एक जुना पिवळा डाग होता, धुवून न गेलेला. तो कुठं लागला ते अंकिताला आठवलं. तुकडा म्हणजे पुरं तेच, हे आपणच सांगितलं होतं, तेही आठवलं.

"सणावारालाच पाणी घालती," लीलाबाई हळू आवाजात म्हणाली, चोरी सापडल्यासारखी. "येरवी झोपल्यालं असतंय बिचारं."

बाहेरून बायकांनी हाक मारली. अंकिताचं कपाळ तसंच कोरडं होतं. मग तिनं करंडा पुन्हा देवळीत ठेवला आणि झाकण लावलं. पुरतं नाही, वारा जायला एक फट तेवढी ठेवली.